मी हात उचलला नाही

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ही वही डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून. बायकोच्या मनगटाला प्लास्टर घालून झाल्यावर त्यांनी हिला बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं. म्हणाल्या, "राग आला की कागदावर उतरवा." मी म्हटलं, मॅडम, मी गॅरेजमध्ये डेंटर आहे. ठोकर लागलेल्या गाड्यांचे पत्रे दिवसभर हातोडीनं सरळ करतो. माझा राग तिथंच निघतो. त्यावर म्हणाल्या, "सगळा निघत नसावा." शिकलेली बाई, तिच्याशी कुठं वाद घालायचा. येताना वही घेतली.

मनगटाचं काय झालं ते आधी लिहून ठेवतो. मी हिला मारलं नव्हतं. बोलणं चालू असताना ही पाठ फिरवून निघाली, मी मनगट धरलं, हिनं हिसका दिला. हिसका हिचा, हाडही हिचंच. पण नाव माझं झालं. परत येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुन्हा हात उचललात तर मी मुलांना घेऊन जाईन. एकदाच सांगतेय." मी म्हटलं, कबूल. मी शब्दाचा पक्का माणूस आहे.

आज लगेच परीक्षा झाली. धाकट्यानं दुधाचा पेला माझ्या उद्याच्या धुतलेल्या कपड्यांवर पालथा केला. डोकं सणकलं. तरी मी काय केलं? स्वयंपाकघराच्या दारावर ठोसा मारला. प्लायवूड आत गेलं, माझ्या बोटांची सालटी निघाली, पण चार वर्षांच्या त्या पोराला बोटसुद्धा लावलं नाही. हिला म्हटलं, बघ, ठेवला की नाही शब्द? ही फरशीवरचं दूध पुसत राहिली. एका हातानं पुसायला वेळ लागतो. थोरली, म्हणजे आमची आठ वर्षांची, धाकट्याला घेऊन कपाटामागं बसली होती. लपाछपी चालली असावी. हाका मारल्या तरी बाहेर येईनात, इतकी रमली होती खेळात.

शनिवार, ८ फेब्रुवारी

हिचा दादा येतोय, बायको आणि पोराला घेऊन. लग्नानंतर हा गृहस्थ मोजून दोनदा आमच्याकडे आलाय. आता एकदम बहिणीचा पुळका आला. "कशाला येतोय?" म्हटलं, तर ही म्हणाली, "सहज. मुलांना भेटायला." तेवढ्यावर थांबली नाही. म्हणाली, पुढच्या रविवारी सगळे मिळून तळ्यावर जाऊ, मुलं कधीची मागं लागलीत. माझ्या तर कोणी मागं लागलेलं नाही.

पाहुणे यायचे म्हणून हिची कामं चालू आहेत, पण सगळी उलटी. ऊन तापायला लागलंय आणि हिनं पोरांचे लोकरीचे कपडे धुऊन वाळत टाकलेत. म्हणे कसर लागते. थोरलीनं वर्गातल्या मैत्रिणीकडून आणलेली गोष्टींची पुस्तकं सगळी परत करून टाकली. एरवी पुस्तक हातातून सुटत नाही तिच्या. मग माझ्याजवळ येऊन विचारते, "बाबा, तळ्यावर पेन्सिलपेटी नेली तर चालेल?" मी म्हटलं, तिथं माशांची शाळा घेणार आहेस का? मी पोट धरून हसलो. तीही हसली, पण आधी आईकडे बघून.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आले. तीन माणसं आणि दोन भल्या मोठ्या बॅगा. उचलून बघितल्या तर जवळजवळ रिकाम्या. इथून खरेदी करून भरून नेणार असतील.

मेहुणा रुग्णवाहिका चालवतो, पण स्वतःचं सगळं असं सावकाश की तोवर पेशंट एक तर बरा होईल नाहीतर जाईल. बारीक माणूस, बोलतो हळू, जणू मागं कोणी झोपलंय. वहिनी सगळ्यांशी हसून बोलतात, माझ्याशी बोलताना तेवढं हसू आवरतं घेतात. त्यांचं पिटुकलं दोन वर्षांचं आहे. दिसेल त्यावर चढतं आणि अडवलं की चावतं.

चहा पिताना मेहुण्याची नजर दाराकडे गेली. "हे काय झालं, भाऊजी?"

"जुनं झालंय दार."

त्यानं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग हिच्या प्लास्टरकडे बघितलं आणि उरलेला चहा प्यायला. असा माणूस डोक्यात जातो. भांडायचं तर भांड ना समोरासमोर.

झोपायची वेळ आली तर यानं आपली गादी पोरांच्या खोलीच्या दारात आडवी टाकली. म्हटलं, पुढच्या खोलीत पंखा आहे, तिथं झोपा. "नको, मला दाराशीच झोप लागते. कधी कॉल येईल सांगता येत नाही." इथं कोण कॉल करणार आहे त्याला?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दोन खोल्यांत सात माणसं. सकाळी न्हाणीघरापुढं रांग, संध्याकाळी रडारड, आणि पिटुकल्यानं माझ्या कामाच्या बुटात पाणी भरून ठेवलं. तोंड दाबून सहन केलं. पण जेवताना धाकट्यानं उकडलेल्या अंड्यातलं पिवळं नको म्हणून नाक मुरडलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही लहानपणी काय खाल्लंय ते आम्हाला ठाऊक.

त्याचं ताट उचललं आणि फेकलं. भिंतीवर. पोरावर नाही. हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो, नंतर कोणी काही म्हणायला नको. मेहुण्यानं उठून ओल्या फडक्यानं भिंत पुसली. पाहुण्यानं भिंत पुसायची म्हणजे यजमानाचा पाणउताराच झाला. वहिनींनी पोरांना उठवून आत नेलं. माझं जेवण मात्र कोणी थांबवलं नाही, मी जेवलो.

शनिवार, १५ फेब्रुवारी

तळ्यावर जायला गाडीची सोय झाली. एका कंत्राटदाराची मोठी करड्या रंगाची गाडी आमच्याकडे आहे. ट्रकनं तिची डावी बाजू पार चेपली होती. ती दोन दारं मी आठवडाभर खपून सरळ केली, पुट्टी, घासकाम, प्रायमर, रंग, सगळं. आता सांगूनही कोणाला ओळखू येणार नाही कुठं लागलं होतं. गाडी सोमवारी द्यायचीय, गॅरेजचा मालक रविवारी गावाला जाणार. ट्रायलला म्हणून नेली तर कोण विचारतंय?

हिला सांगितलं. वाटलं खूश होईल. म्हणाली, "डिकी मोठी आहे ना?"

सोमवार, १७ फेब्रुवारी

ओठ सुजलाय, एक डोळा मिटलेला आहे, बरगडी श्वास घेऊ देत नाही. तरी कालचं क्रमानं लिहून काढतो, म्हणजे चूक कोणाची ते आपोआप कळेल.

निघायलाच ऊन वर आलं. एकाचा बूट सापडे तर दुसऱ्याची टोपी हरवे. पिटुकल्याला बसवलं की ते दुसऱ्या दारानं उतरे. मी गाडीत बसून हॉर्न वाजवत होतो. त्यात त्या दोन बॅगा! तीन दिवसांपूर्वी रिकाम्या होत्या, आता मेहुण्याला दोन्ही हातांनी उचलाव्या लागत होत्या. "विटा भरल्यात का?" म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "पोरांचे कपडे. पाण्यात खेळणार, ओली होणार." आणि डिकी लावून घेतली. धाकट्यानं तर आपलं पांघरूणही बगलेत मारलं होतं. सहलीला कोणी पांघरूण नेतं?

शहर सुटायच्या आत पिटुकलं ओकलं, तेही सीटवर. ते रडायला लागलं म्हणून धाकटा रडायला लागला. थोरली दोघांना गाणं म्हणून दाखवत होती, ती पुन्हा पुन्हा एकच ओळ म्हणे. वास, रडणं, गाणं, आणि शेजारी मेहुण्याचा जप, "जरा हळू भाऊजी, जरा हळू." मी पाय दाबला. ज्याला हळू पाहिजे त्यानं आपल्या रुग्णवाहिकेत आडवं पडावं. एका टँकरला मागं टाकायला गेलो तर समोरून बस. दोन्हीच्या मधून गाडी काढली, आरसा घासता घासता राहिला. त्यानंतर आत चिडीचूप. निदान आवाज तरी बंद झाला. ही मागून म्हणाली, "मुलं आहेत गाडीत." मी म्हटलं, "ठाऊक आहे, आमचीच आहेत." विनोद होता, पण हसलं कोणी नाही.

तळ्यावर गर्दी. शिट्टी फुंकणारा एक पार्किंगवाला आला आणि "पुढं घ्या, पुढं घ्या" करत मी रंगवलेल्या डाव्या दारावर थापा मारायला लागला. ताज्या रंगावर! मी खाली उतरलो. "हात काढ." त्यानं हसून आणखी एक थाप मारली. "पत्राच आहे साहेब, काच नाही फुटायला."

माझं कपाळ त्याच्या नाकावर बसलं. तो खाली बसला, मी गुडघा घातला. नाकातोंडातून रक्ताची धार लागली. शिट्टी दातांत अडकली होती, ती त्याच्या प्रत्येक श्वासाला वाजत होती. त्या आवाजानं मी आणखी पेटलो. पोटात लाथा घातल्या, शिट्टी बंद होईपर्यंत. मग मेहुण्यानं मागून मिठी मारून मला ओढलं. लोक जमले, दोघांनी त्याला धरून नेलं.

मी शब्द मोडला असं कोणी म्हणेल. नाही. शब्द घरच्यांपुरता होता, आणि तो घरचा नव्हता.

पोरांनी काही बघितलं नाही. थोरलीनं दोघांना पाण्याच्या काठाशी नेऊन आमच्याकडे पाठ करून उभं केलं होतं आणि मोठमोठ्यानं बदकं मोजत होती. "ते बघ, ते एक! ते दुसरं!" मी तोंड धुवायला तिकडं गेलो तर तळ्यात एकही बदक नव्हतं. पोरीचे डोळे तपासून घेतले पाहिजेत.

नंतर पाव, अंडी, केळी. मुंग्या. पिटुकल्यानं केळं वाळूत लोळवून खाल्लं. सगळे थकून गेले होते आणि तरी कोणी स्वस्थ बसेना. ही सारखी दादाकडे बघे, दादा सारखा रस्त्याकडे. चहाच्या टपरीवर जाऊन तो बस कधी येते ते विचारून आला. समोर एवढी गाडी उभी असताना बसची चौकशी! मी म्हटलं, माझ्या गाडी चालवण्याची भीती बसली वाटतं. तो म्हणाला, "तसंच काहीसं." मी टोपी डोळ्यांवर ओढून पडलो. मारामारीनं माणूस थकतो.

जाग आली ती आवाजानं. करवतीसारखा आवाज. आमच्या धंद्यात तो आवाज झोपेतही ओळखू येतो.

धाकट्याच्या हातात दगड होता. मागच्या दारावर, मूठ असते तिथून पार खालपर्यंत त्यानं रेघ ओढली होती, आणि तिच्या शेजारी दुसरी ओढत होता. पिटुकलं टाळ्या वाजवत होतं. मी ओरडलो. थोरली कुठून तरी धावत आली. "मी केलं बाबा, मी केलं! त्यानं नाही!" दगड त्याच्या हातात आणि म्हणे मी केलं. एवढं धडधडीत खोटं बोलायला कधी शिकली कोण जाणे.

सीटखालून चाकाचा पाना काढला. फक्त घाबरवायला. धाकटा मागं सरून ज्या लाकडी बाकाला टेकला होता त्या बाकावर मी पाना मारला. बाकावर. फळी दुभंगली. एक ढलपी उडून पोराच्या कानाला लागली, थोडं रक्त आलं. आता ढलपी कुठं उडावी हे काय माझ्या हातात आहे? तो ओरडलाही नाही. तिथंच उभा राहिला आणि चड्डीत त्याची लघवी झाली. ते बघून मला आणखी चीड आली. मी पाना पुन्हा वर नेला, आणि खाली आणताना मध्ये मेहुणा.

"पुरे, भाऊजी."

पाना एकदा खाली निघाला की थांबत नाही, कोणत्याही कारागिराला विचारा. त्यानं कोपर पुढं केलं होतं. हाड मोडल्याचा आवाज आला. माणूस बोंबलला असता, हा खाली बसला, मोडलेला हात दुसऱ्या हातानं छातीशी धरला, आणि रोजचं काम असल्यासारखा म्हणाला, "मुलांना घे." वहिनींनी तिघांनाही ओढून नेलं.

पाना माझ्या हातातून पडला होता. ही आली. वाटलं भावाजवळ बसेल. हिनं पाना उचलला. मला वाटलं आता मला मारणार. मी डोकं पुढं केलं, म्हटलं, मार. मार एकदाचं. ही माझ्या बाजूनं गेली, जसं मधे खांब असावा तशी, आणि पुढच्या काचेवर पाना घातला.

एकाच हातानं मारत होती, दुसरा प्लास्टरमधला पोटाशी. पुढची काच, मग बाजूच्या, मग मागची. दिवे. आरसे. मग माझ्या दोन दारांवर आली. मी आठवडाभर जिथं जिथं हातोडी फिरवली होती तिथं तिथं मारलं. पत्रा आत गेला, रंग पापुद्र्यांनी उडाला. तोंडातून फक्त दम लागल्याचा आवाज. तळ्यावरचे सगळे लोक उभे राहून बघत होते. शेवटी पाना माझ्या पायाशी टाकला.

"आता शोधा तो ओरखडा," म्हणाली.

मी हिच्याकडे जाणार तेवढ्यात मागून काठी बसली. पार्किंगवाल्याची माणसं होती. पाच-सहा असतील. मला पाडलं, एक छातीवर बसला, बाकीच्यांनी लाथांनी तुडवलं. बरगडी तेव्हाच गेली. त्यांच्या पायांच्या मधून मला सगळं दिसत होतं. वहिनींनी डिकीतून बॅगा ओढून काढल्या. थोरलीनं पिटुकल्याला कडेवर घेतलं आणि धाकट्याचा हात धरला. हिनं पांघरूण घेतलं. सगळे रस्त्याकडे निघाले. बस यायच्या वेळेला.

मी ओरडलो, "कुठं चाललात? मी हात उचलला नाही! विचारा पोरांना!" कोणीतरी माझ्या तोंडावर पाय दिला.

त्यांना थांबवलं ते मेहुण्यानं. मोडका हात धरून परत आला आणि म्हणाला, "मरेल तो. पुरे करा आता." लोकांनी ऐकलं त्याचं. माझ्याकडे न बघता तो बसकडे गेला.

कोणी विचार करून असं घर सोडत नाही. हिनं रागाच्या भरात, आयत्या वेळी ठरवलं. राग वाईटच. डोकं थंड झालं की येईल.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मालकानं गाडी बघितली आणि सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली जाळ काढला. मी मान खाली घालून उभा राहिलो. मालक आहे तो. कामावरून काढलं नाही, गाडी पहिल्यासारखी करून दे म्हणाला. हिनं मारलेले फटके मी रोज एकेक करून काढतोय. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी. पत्रा काही ठिकाणी इतका ताणलाय की तापवूनसुद्धा बसत नाही. एवढी ताकद हिच्या एका हातात कुठून आली?

एक हवालदार येऊन गेला. मेहुण्यानं आणि हिनं तक्रार दिली आहे. सुनावणी होईपर्यंत मेहुण्याच्या घरी जायचं नाही, असं सांगून सही घेतली. केली सही. घरी जायचं नाही एवढंच म्हटलंय.

एकच गोष्ट बरी आहे. संध्याकाळी फोन केला की थोरली उचलते. ही येत नाही फोनवर, धाकटा येत नाही, पण थोरली न चुकता. तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"गॅरेजमध्ये."

"खरंच?"

मग मी फोन गाडीजवळ धरतो आणि पत्र्यावर हातोडीचे दोन ठोके मारतो. ते ऐकले की तिचा जीव भांड्यात पडतो. "बरं," म्हणते आणि ठेवते. लगेच ठेवते, पण विचारते रोज. बापाची एवढी काळजी करणारी पोर कोणाच्या घरी आहे? मला तर भरून येतं.

रविवार, २ मार्च

काल थोरलीला चकित करायचं ठरवलं. मेहुण्याच्या गावी गेलो. घरी गेलो नाही, गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. सही केली आहे मी, सहीचा मान ठेवला. पिशवीत धाकट्यासाठी बिस्किटं होती आणि हातोडी. हातोडी कशाला ते पुढं कळेल.

बंद दुकानापाशी उभा राहून फोन केला. समोर घराचं दार बंद, खिडक्याही बंद, एवढ्या उकाड्यात.

"बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"गॅरेजमध्ये."

"खरंच?"

मी दुकानाच्या शटरवर हातोडीचे दोन ठोके मारले. आवाज अगदी तसाच आला.

"बरं."

फोन ठेवला आणि पाठोपाठ दार उघडलं. आधी थोरली बाहेर आली, मग चेंडू घेऊन धाकटा. कानावर पट्टी होती. मग खिडक्याही उघडल्या. थोरलीनं चेंडू भिंतीवर मारला, तो उसळून नाल्यात गेला, आणि ती इतक्या मोठ्यानं हसली की मी आधी ओळखलंच नाही. आमच्या घरात तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. गावचं हवापाणी मानवलं म्हणायचं.

मी पुढं झालो. तिनं मला बघितलं.

हसू थांबलं, पण घाबरली वगैरे नाही. धाकट्याला म्हणाली, "आता घरात जा. पाणी पी आणि आईला म्हणावं कडी लाव, वारा आहे." वारा अजिबात नव्हता. तो आत गेला, त्यानं मला बघितलंच नाही. तिनं कडी लागल्याचा आवाज ऐकला आणि मग माझ्याकडे चालत आली. धावत नाही, चालत. स्वतःहून माझा हात धरला.

"बाबा, चला ना, आपण बसस्टँडकडे जाऊ या. तिथं सरबत मिळतं."

"आईला बोलाव की."

"ती झोपली आहे. चला ना, बाबा." आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. "मी घेते. तुम्ही दमला असाल."

दोन्ही हातांनी छातीशी धरून चालत होती, हातोडीच्या वजनानं वाकलेली. दे म्हटलं तर देईना. तरी मध्येच एक हात सोडवून माझं बोट धरी. हात बर्फासारखा होता आणि घामानं ओला. सबंध वाटभर बोलत होती, नवी शाळा, नव्या बाई, दात पडला. मी घराकडं मान वळवली की लगेच नवीन काहीतरी सांगे. इतकी बडबडी कधी झाली ही?

स्टँडवर सरबत घेतलं नाही. आमच्या गावची बस लागलीच होती. तिनं कंडक्टरला विचारलं, "काका, ही मध्ये कुठे थांबते?" तो म्हणाला, कुठेच नाही, थेट जाते. मग मला म्हणाली, "बाबा, हीच घ्या. पुढची खूप उशिरा आहे." मी म्हटलं, अगं आत्ताच तर आलोय. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली. एवढीशी पोर, बापाला उशीर होऊ नये म्हणून तिची केवढी धडपड. चढलो.

बस सुटल्यावर लक्षात आलं, पिशवी तिच्याकडेच राहिली. खिडकीतून ओरडलो, तिनं ऐकलं नसावं. मी हात हलवला. तिनं हलवला नाही. पिशवी पोटाशी घट्ट धरून रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. आधी वाटलं रडतेय. मग कळलं, बसच्या मागचा नंबर पाठ करतेय.

हुशार आहे पोरगी. बिस्किटं तरी धाकट्याला मिळाली असतील.